कंसातले तीन सेंटिमीटर

रविवार, १ ऑक्टोबर २०२३. सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे. बिया एकोणीस.

सोपानराव गराडे यांनी वहीच्या पहिल्या पानावर एवढे लिहिले आणि पेनाला टोपण लावले. समोर पांढऱ्या बशीत त्या एकोणीस बिया होत्या. प्रत्येक बी गव्हाच्या कोंड्याएवढी, वरच्या टोकाला बारीक काटेरी. महिनाभर त्या ओल्या टिपकागदात गुंडाळून फ्रिजमध्ये, दुधाच्या पिशवीशेजारी ठेवल्या होत्या. थंडीच्या मुलखातल्या बीला आधी थंडी दाखवावी लागते, हे त्यांनी वाचून घेतले होते. घोरावाडी स्टेशनातून लोणावळ्याकडची लोकल सुटल्याचा आवाज आला तेव्हा त्यांनी पहिली बी चिमट्याने उचलली.

सोपानरावांनी पुण्याच्या तंत्रनिकेतनातून पदविका घेतली होती आणि पुढची बेचाळीस वर्षे गिअर बनवणाऱ्या कारखान्यांच्या मापन कक्षात काढली होती. मापन कक्ष म्हणजे कारखान्यातली सर्वांत शांत आणि सर्वांत नावडती खोली. बाहेर माणसे घाम गाळून नग तयार करीत आणि आत सोपानराव व्हर्नियर लावून तो पास की नापास ते सांगत. नापास नगावर ते स्वतः लाल रंगाचा ठिपका देत. ठिपका दिलेला नग चांगल्या नगांच्या टेबलावर क्षणभरही राहता कामा नये, हा त्यांचा नियम होता. कारण टेबलावर राहिलेला नग केव्हा तरी गाडीत चढतो, आणि मग रस्त्यात कोणाची तरी गाडी बंद पडते. कामगार त्यांना मागून ‘लाल ठिपका’ म्हणत. त्यांना ते ठाऊक होते, आणि मनातून आवडतही होते.

बिया त्यांच्या पत्नीच्या, रंजनाबाईंच्या होत्या. २०१९ साली मुलगी अपेक्षा हिच्या बाळंतपणासाठी त्या कॅनडाच्या पार उत्तरेला, व्हाइटहॉर्स नावाच्या गावी पाच महिने जाऊन राहिल्या. दोघांचे तिकीट काढायचे ठरले होते. पण त्याच सुमारास नवलाख उंबरे गावाच्या बाजूच्या कारखान्यात मापे घेण्याच्या गेजांची वार्षिक तपासणी निघाली. सोपानराव तेव्हा निवृत्तीनंतरही तिथे सल्लागार म्हणून जात. ते म्हणाले, “तू हो पुढे. मी पुढच्या खेपेला येतो.” पुढची खेप आली नाही. रंजनाबाई परतल्या त्या एक पुडी घेऊन. औषधाच्या खोक्यातल्या माहितीपत्रकाची पुडी, वर निळ्या शाईत लिहिलेले: ‘तिकडची पाथरी, जून २०१९’. पाथरी ही इकडची रानभाजी, रंजनाबाई नेहमी करीत ती.

“अहो, एवढं कुंडीत लावा ना.”

“बर्फातलं झाड इथे जगतं का? अभ्यास करावा लागेल. करून सांगतो.”

तो अभ्यास झाला नाही. रंजनाबाईंनीही पुन्हा विचारले नाही. पुडी त्यांनी उचलून सोपानरावांच्या व्हर्नियरच्या लाकडी पेटीत ठेवली, कारण ती पेटी रोज सकाळी उघडली जाई. चार महिने सोपानराव पेटी रोज उघडत, पण त्यांची नजर व्हर्नियरपलीकडे जात नसे; मग टाळेबंदी लागून कारखाना बंद राहिला, सोपानरावांचे जाणे थांबले आणि पेटी उघडायचे कारणच उरले नाही. २०२१च्या फेब्रुवारीत दोन दिवसांच्या आजारात रंजनाबाई गेल्या. पुडी सापडली २०२३च्या ऑगस्टमध्ये, पेटीला वाळवी तर लागली नाही ना, हे पाहायला झाकण उघडले तेव्हा. निळ्या शाईतली तारीख सोपानरावांनी वाचली. चार वर्षे ती पुडी त्यांच्या हाताशी होती.

पुडी सापडल्यानंतरच्या रविवारी, अपेक्षाचा फोन यायच्या ठरल्या वेळी, म्हणजे सकाळी साडेसातला, त्यांनी तिला सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, “बाबा, लावा ते. आई मला म्हणाली होती, तुझे बाबा अभ्यास करतील आणि लावतील.”

“तिथल्या वनस्पतींवरचं प्रमाण पुस्तक असेल ना एखादं? त्यातलं वर्णन पाठव. जे उगवेल ते तेच आहे का, हे कशाशी ताडून बघू?”

अपेक्षा वाचनालयात कामाला होती. तिने सोळा पाने पाठवली. सोपानरावांनी तळेगावच्या दुकानातून त्यातले एक पान छापून घेतले: ज्यावर जातीचे वर्णन होते ते. उरलेली पंधरा पाने प्रस्तावना, सूचना, नकाशे अशी होती. शब्दकोश घेऊन त्यांनी तीन रात्री बसून त्या पानाचा मराठी तर्जुमा वहीत उतरवला:

‘बहुवर्षायु वनस्पती. मूळ खोल जाणारे, सोटासारखे. खोड नाही, पाने जमिनीलगत चक्राकार पसरलेली, दहापेक्षा कमी. पान तळाशी निमुळते, टोकाकडे रुंद. लांबी (३–) ६ ते २० सेंटिमीटर, रुंदी १ ते ३. कडा कधी जवळजवळ अखंड, कधी दात मागे वळलेल्या करवतीसारखी. तोडल्यास पांढरा चीक. फुलाचा देठ पोकळ, बिनपानांचा, खालच्या अंगाला जांभळट. एका देठावर एकच फूल, पिवळे. फुलाखाली हिरव्या छदांच्या, म्हणजे फुलाला धरणाऱ्या बारीक पानांच्या, दोन रांगा. छदांच्या टोकाला बारीक शिंग, हीच या जातीची खूण. बी पिवळट तपकिरी, वरच्या भागी काटेरी. तिच्यावर बीच्या दुप्पट लांबीची चोच आणि चोचीवर पांढऱ्या केसांची छत्री.’

शेवटची ओळ लिहिताना त्यांना लहानपणी शेताच्या बांधावर पकडलेल्या, हवेत तरंगणाऱ्या म्हाताऱ्या आठवल्या. पण आठवणीला तपासणी पत्रकात रकाना नसतो. त्यांनी पट्टी घेऊन पानावर चार रकाने आखले: गुणधर्म, ठरलेले माप, प्रत्यक्ष माप, निर्णय.

पेरल्यापासून सतराव्या दिवशी तीन कुंड्यांमध्ये एकेक अंकुर दिसला. सोपानरावांनी काड्यांना कागद लावून त्यांना क्रमांक दिले. दोन नंबर आठवड्यात माना टाकून गेला. एक आणि तीन वाढू लागले. दर रविवारी सहा चाळीसला गच्चीवर सतरंजीचा तुकडा टाकून ते बसत आणि पाने मोजत. एरवी त्यांच्या दिवसात बोलण्यासारखे फारसे काही घडत नसे. दूधवाला पिशवी दाराला अडकवून जाई. शेजारची सारिका कधी ‘काका, बरे आहात ना?’ विचारी आणि उत्तराची वाट न पाहता स्कूटर सुरू करी. पण या दोन कुंड्यांशी ते बोलत. आकड्यांतच बोलत, पण मोठ्याने.

एक नंबर रुबाबदार निघाला. डिसेंबरअखेर त्याचे पान सोळा सेंटिमीटरवर गेले, रुंदी अडीच, आणि कडेला मागे वळलेले दात अगदी पुस्तकात लिहिल्यासारखे. तीन नंबर मात्र खुरटे. पाने सहाच, जमिनीला चिकटलेली, कडा जवळजवळ सरळ. सर्वांत लांब पान चार पूर्णांक दोन सेंटिमीटर. ते दर रविवारी चार पूर्णांक दोनच भरे.

ठरलेले माप होते सहा ते वीस. त्याआधी कंसात तीनचा आकडा होता, तो सोपानरावांनी पाहिलेला होता. पण कारखान्याच्या ड्रॉइंगवर कंसातला आकडा निव्वळ माहितीसाठी असतो. त्यावरून नग तपासायचा नसतो, हे ते नव्या मुलांना पहिल्याच दिवशी शिकवीत. कंसावर बोट ठेवून वाद घालणाऱ्या एका सुपरवायझरला त्यांनी एकदा सर्वांदेखत गप्प केले होते. तेव्हा तीनच्या आकड्याकडे त्यांनी दुसऱ्यांदा पाहिले नाही.

रविवारी, १४ जानेवारीला, भोगीच्या सकाळी त्यांनी पत्रकात तीन नंबरपुढे ‘नापास’ लिहिले. लाल इनॅमलची जुनी डबी उघडून काडीने पानावर ठिपका दिला. मग नियमाप्रमाणे ते रोप उपटले. मूळ अर्ध्यात तुटले. पांढरा चीक बोटाला लागला. कुंडीतली माती त्यांनी मागच्या नाल्यात रिकामी केली, कुंडी धुतली आणि पालथी घातली. रोप खाली नेऊन फाटकाच्या कठड्यावर ठेवले. चांगल्या नगापासून दूर.

साडेसातला अपेक्षाचा फोन आला.

“तपासणी पूर्ण झाली,” सोपानराव म्हणाले. “एक नंबर पास. तुझ्या आईचं झाड आहे ते.”

“नक्की?”

“मी पास केलेला नग कधी परत आलाय का?”

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. “रडत नाहीये मी, बाबा. सर्दी झालीये. उणे तीस आहे इथे.”

नऊच्या सुमारास बाया आली. आंदर मावळातल्या डोंगरवाडीतून ती गेली वीस वर्षे दर रविवारी पाटी घेऊन येई आणि स्टेशनाच्या रस्त्यावर रानभाज्या विकी. रंजनाबाई, तिच्या ‘ताई’, असताना ती फाटकाशी टेकून अर्धा-अर्धा तास बोलत बसे. आता ती दोन वाक्ये बोलून पुढे जाई.

“आबा, भोगीची भाजी घ्या की. चाकवत हाय, घेवडा हाय, हरभऱ्याचा पाला हाय.”

“एकट्याला कितीशी लागते?”

“एकट्या मान्साचं प्वाट काय बारकं आस्तं व्हय?” तिने पाटी उतरवली आणि तिची नजर कठड्यावर गेली. “ह्ये काय? झाडाला कुकू लावलं का काय तुमी?”

“रंग आहे तो. नापास झालं ते.”

“आता झाडंबी नापास व्हायला लागली? कुटली साळा ही?”

“मापात बसलं नाही, बाया.”

बायाने रोप उचलले. पान उलटे करून पाहिले, कडेवरून बोट फिरवले, तुटलेल्या मुळाचा चीक जिभेला लावला. सोपानरावांना त्यात काही विशेष वाटले नाही. ती सगळ्याच पाल्याशी असे वागे.

“टाकलंया न्हवं? मग मी न्हेते.”

“ने. पण खाऊ नकोस. रंग आहे त्याला.”

“खाते कशाला? मला काय याड लागलंय?” गच्चीच्या कठड्यावर ठेवलेल्या एक नंबरच्या कुंडीकडे तिने मान वर करून पाहिले. “आन् ती ठिवली व्हय? बरं केलंत, आबा. बरं केलंत.”

सोपानरावांना ते प्रशस्तिपत्रासारखे वाटले. त्यांनी पावशेर चाकवत जास्तच घेतला.

फेब्रुवारी सरता सरता एक नंबरने देठ काढला. सोपानराव दिवसातून दोनदा गच्चीवर जाऊ लागले. देठाला आधी एक फाटा फुटला. मग दुसरा. रविवारी, ३ मार्चला सकाळी, त्या देठावर एक नाही, दोन नाही, पाच फुले होती: बारीक, पिवळी. त्यांनी भिंग लावून फुलाखालची छदे पाहिली. शिंग एकालाही नव्हते.

सारिका पलीकडच्या गच्चीवर कपडे वाळत घालत होती.

“काका, पाथरी कुंडीत लावली होय?” ती हसली. “आमच्या शेताच्या बांधावर ढिगानं आहे. सांगायचं ना, पोतंभर आणून दिली असती!”

“ही पाथरी आहे?”

“मग काय! काकू करायच्या की. लसूण घालून. मला किती वेळा वाटीभर दिली त्यांनी.”

सोपानराव खाली आले. चाळीस वर्षे त्यांनी पाथरी खाल्ली होती. ती त्यांना ताटात माहीत होती. परतलेली, काळपट हिरवी, भाकरीच्या डाव्या अंगाला. निवडायच्या आधी ती कशी दिसते, हे पाहण्याचे काम त्यांच्याकडे कधी आलेच नव्हते. कुंड्यांसाठी आणलेली शेतातली माती त्यांनी चाळून, गाळून घेतली होती. आतल्या बिया मराव्यात म्हणून भाजून घेतली नव्हती. मातीतली बी मातीतून उगवली होती.

त्या सकाळी अपेक्षाच्या फोनवर ते फक्त हवेविषयी बोलले.

सोमवारी त्यांनी तळेगावला जाऊन उरलेली पंधरा पाने छापून घेतली. तिसऱ्या पानावर सूचना होत्या. त्यांतली सातवी सूचना त्यांनी उभ्यानेच वाचली, दुकानाच्या पायरीवर. मग पुन्हा वाचली. कंसातले माप हे क्वचित आढळणाऱ्या नमुन्यांचे समजावे; असे नमुने त्याच जातीचे असतात.

तीनपासून पुढे. चार पूर्णांक दोन.

पायरीवरून ते लगेच उतरले नाहीत. दुकानदाराने दोनदा विचारले, “काका, अजून काही हवंय?” त्यांनी मानेनेच नाही म्हटले. ड्रॉइंगवरच्या सूचना आधी वाचा, मग माप घ्या, असे ते मुलांना सांगत. त्याच वाक्याखाली त्यांनी किती मुलांची पगारवाढ रोखली होती!

आता एकच गोष्ट करण्यासारखी होती: बायाने त्या रोपाचे काय केले ते विचारणे. ते रविवारची वाट पाहत राहिले. १० मार्चला ते सकाळी आठपासून फाटकाशी उभे होते. बाया आली नाही. मार्चात रान सुकते आणि रानभाजीवाल्या बायकांचे येणे थांबते, हे रंजनाबाईंना माहीत असायचे.

सोमवारी, ११ मार्चला, व्हर्नियर, भिंग, वही आणि पाण्याची बाटली पिशवीत घालून सोपानराव तळेगावच्या स्थानकावरून आंदर मावळाच्या बसमध्ये बसले. बस नवलाख उंबऱ्यावरून गेली. आपल्या जुन्या कारखान्याचे फाटक त्यांनी खिडकीतून पाहिले. पहारेकरी नवा होता. शेवटच्या थांब्यावर उतरल्यावर भाजीवाल्या बायाची वाडी कोणत्या अंगाला, हे त्यांनी गुरे घेऊन निघालेल्या एका माणसाला विचारले.

“भाजीवाली बाया? ती माजीच बायकू हाय,” तो माणूस म्हणाला. त्याचे नाव सावळा. “काय उदारी ऱ्हायली का तिची?”

“नाही. एक झाड दिलं होतं तिला.”

“त्ये कुकवाचं व्हय!” सावळा मोठ्याने हसला. “आवो, लय ताप दिलाय त्या झाडानं. बकऱ्या सोडू देईना बाई मला वड्याकडं. चला, वर चला. दोन तास लागत्याल तुमच्या पायानं.”

अडीच तास लागले. वाडी डोंगराच्या खोबणीत होती, बारा-तेरा घरांची. बाया अंगणात नाचणी पाखडत होती. सोपानरावांना पाहून तिने सूप खाली ठेवले.

“आबा! तुमी? आन् पायी?” तिने तांब्या पुढे केला. “घरात सगळं बरं हाय न्हवं?” विचारून झाल्यावर तिच्या लक्षात आले की घरात विचारण्यासारखे कोणी नाही. ती ओशाळली.

“ते रोप,” सोपानराव पाणी न पिताच म्हणाले. “नापास झालेलं. काय केलंस त्याचं?”

“लावलं की. पाझराखाली. या.”

घरांच्या मागे, जांभळीच्या दाट सावलीत, खडकातून पाण्याची करंगळीएवढी धार गळत होती. तिच्याखालच्या काळ्या चिखलात, बाभळीच्या काट्यांच्या कुंपणात, तीन नंबर होते. जुने एक पान पिवळे पडून चिखलाला टेकले होते, आणि त्याच्यावर लाल ठिपका होता. सोपानरावांचा ठिपका. पानांच्या मधून एकच देठ वर आला होता. खाली जांभळट, वर हिरवा. त्याच्या टोकाला काहीच नव्हते. एक पांढरी, उघडी टिकली, बस्स.

“कालपत्तुर हुती म्हातारी,” बाया म्हणाली. “ही येवढी, गोल. चेंडूवानी. काल सांजच्याला वारं सुटलं आन् समदी गेली. त्या अंगाला गेली, डोंगराच्या धारंवरनं. मी बघत बसलेते.”

सोपानराव चिखलात गुडघे टेकून बसले. भिंग डोळ्याला लावले. टिकलीखालची छदे खाली वळली होती, आणि प्रत्येक छदाच्या टोकाला, सुईच्या अग्राएवढे, एक शिंग होते. त्यांनी दहा मोजली. दहाच्या दहांना.

“बाया, तू हे का लावलंस? तुला कसं कळलं?”

“आवो, पाथरीच्या पानाला कडंला बारीक पांढरं काटं आस्त्यात. हिला न्हवतं. आन् ताईंनी सांगितलं हुतं की मला.”

“काय सांगितलं होतं?”

“समदं. तिकडं बर्फाच्या देशात पाथरीची थोरली भन हाय म्हनायच्या. पान भुईला चिकाटलेलं, एका देठाला एकच फूल. देठ पोकळ, त्याची पिपानी वाजती. लेकीच्या घरामागं लय हुती. त्यांनी तितंबी भाजी केली, तर जावईबापू म्हनलं, आई, ह्ये गवत हाय.” बाया हसली. “आन् मंग फुलाची म्हातारी झाली की त्या पाळन्यातल्या पोरीपुढं फुंकायच्या. म्हनायच्या, बाया, ह्यांना आनून दाखिवली तर ह्ये आदी मोजत्याल.”

सोपानरावांनी भिंग खाली घेतले.

“तुमाला न्हाई सांगितलं ह्ये?” बायाने विचारले.

“सांगितलं असेल,” सोपानराव म्हणाले.

पाझराचे पाणी गळत होते. बायाने कुंपणातला एक काटा सरळ केला. मग तिला राहवेना.

“मला वाटलं, पाथरी तुमी मुद्दाम ठिवली. ताईंच्या हातची भाजी, आटवन म्हनून. आन् ही तिकडची नगं झाली तुमाला, म्हनून टाकली. म्हनून म्हनले, बरं केलंत. मंग मीच आनली हिला. ताईंची वस्तू, टाकायची कशी?”

“नको नव्हती झाली.”

“मग न्हेता का आता? मातीसकट काढून देते, डब्यात.”

सोपानरावांनी सावली पाहिली, चिखल पाहिला, काट्यांचे कुंपण पाहिले. चिखलात बोट घातले, गार होता. त्यांच्या गच्चीची फरशी या महिन्यात दुपारी पायाला चटके देई.

“नको. इथेच असू दे.”

“मंग येत जावा बघायला. पर एक सांगते, आबा. लय मोजू नगा तिला. लाजती ती.”

ते हसले नाहीत. पण व्हर्नियर पिशवीतून काढलेले होते, ते त्यांनी परत ठेवले. पानांची लांबी घेतली नाही. फक्त भिंग पुन्हा लावले. टिकलीवर बारीक खाचा होत्या, एकेका बीच्या जागेची एकेक. त्यांनी काडीच्या टोकाने त्या कडेपासून मध्याकडे मोजल्या. एकदा मोजून त्रेसष्ट आल्या. दुसऱ्यांदाही त्रेसष्ट. मग त्यांनी मान वर करून डोंगराच्या धारेकडे पाहिले. बायाने दाखवलेल्या बाजूला डोंगराची कड होती, तिच्यापलीकडे खोल कोकण, आणि हवेत काहीही नव्हते.

शेवटची बस मिळायला हवी होती. बायाने शेवग्याच्या चार शेंगा आणि नाचणीची भाकरी फडक्यात बांधून दिली. ते दिवेलागणीला घरी पोचले. ताट वाढून घेतले आणि भाकरीच्या डाव्या अंगाकडे पाहत बराच वेळ बसले. तिथे काही वाढलेले नव्हते.

मंगळवारी सकाळी साडेसातला त्यांनी स्वतः फोन लावला.

“बाबा? काय झालं? आज रविवार नाहीये!”

“काही झालं नाही. दुरुस्ती आहे. मी चुकीचा नग पास केला होता. एक नंबर पाथरी निघाली, इथलीच. तुझ्या आईचं झाड तीन नंबर होतं. ते मी उपटलं. बायानं जगवलं.”

त्यांनी सगळे क्रमाने सांगितले. कंस, सातवी सूचना, पाझर, शिंगे. पिपाणीचे सांगताना अपेक्षा मध्येच म्हणाली, “हो, हो, वाजवायची ती! तिनं तुम्हाला इथून फोनवर वाजवून नाही दाखवली?”

“मी तेव्हा कामावर असायचो.”

मग अपेक्षाने हळूच विचारले, “बाबा, मग बिया किती मिळाल्या?”

सोपानरावांनी वही समोर ओढली. काल रात्री त्यांनी तीन नंबरपुढचा ‘नापास’ शब्द एका रेघेने खोडून त्याच्यावर तारीख घालून सही केली होती, कारखान्यात करीत तशी. खाली चार ओळी होत्या. त्या त्यांनी वाचून दाखवल्या.

पेरलेल्या बिया, एकोणीस. जगलेले रोप, एक. त्या रोपाला धरलेल्या बिया, त्रेसष्ट. हाती आलेल्या, शून्य.